सर, दशावतार म्हणजेच उत्क्रांती ना? (दहावीच्या वर्गातला एक प्रश्न)

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०:०५

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायला बसलो, कारण दुपारी वर्गात एका मुलीसमोरून मी चक्क पळ काढला आणि ते काही डोक्यातून जाईना.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी दहावीला विज्ञान शिकवतो. विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. अवशेषांगांपर्यंत आलो होतो. माकडहाड आलं की वर्ग दरवर्षी रंगात येतो. यंदा मागच्या बाकावरच्यांनी एकमेकांची माकडहाडं चाचपायला घेतली, त्यात एक जण बाकावरून खाली आपटला. निरुपयोगी झालेला अवयवही दुखतो, हे प्रात्यक्षिक फुकटात झालं.

हसणं ओसरलं तशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हुशार आहे, बोलते कमी. म्हणाली, "सर, आमचे आबा म्हणतात हे आपल्याकडे आधीच होतं. आधी मासा, मग कासव, मग वराह, मग अर्धा प्राणी अर्धा माणूस, मग बुटका माणूस, मग पूर्ण माणूस. दशावतार म्हणजेच उत्क्रांती. पेपरात तसं लिहिलं तर मार्क मिळतील का?"

मी म्हणालो, "पेपरात पुस्तकातलं लिही. बाकीचं घरी आबांशी बोल." ती बसली. घंटा झाली.

टोचतंय ते हे की माझं उत्तर विज्ञानाचं नव्हतंच, मार्कांचं होतं. आबांना मी ओळखतो. दहा एकर कपाशी, संध्याकाळी हरिपाठ, गावात शब्दाला मान. त्यांचं चुकतंय म्हणायची हिंमत झाली नाही आणि बरोबर आहे म्हणायला जीभ वळेना.

आपल्या राज्याच्या पुस्तकात हा धडा आहे तरी. केंद्रीय बोर्डाच्या शाळांची पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२२ मध्ये उत्क्रांती वगळली, धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. 'करोनानंतर मुलांवरचा भार कमी केला, बारावीत आहेच की' असं उत्तर आलं. बारावीला जीवशास्त्र घेतात किती जण, ते सोडा. म्हणजे तालुक्याच्या केंद्रीय बोर्डाच्या शाळेत हा प्रश्न उठणारच नाही. माझ्याकडे उठला आणि मी तो दाबला.

तर, मी काय सांगायला हवं होतं? 'श्रद्धा वेगळी, विज्ञान वेगळं' हे वाक्य कृपया कुणी टाकू नका. ते मलाही पाठ आहे.

बटाटेवडा_जंबो | सोमवार, रात्री १०:१७

पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत. धागा शंभरी गाठणार.

सांजवात | सोमवार, रात्री १०:५२

सर, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत, आवडलं. पण आबांचं चुकलं कुठे ते मला खरंच कळलेलं नाही. पाण्यातला जीव, मग पाणी-जमीन दोन्हीकडचा, मग जमिनीवरचा, मग नर आणि पशू एकत्र, मग ठेंगणा, मग परशू घेतलेला रानातला, मग राजा, मग गोपाळ. एवढा क्रम योगायोगानं जुळतो? ज्यांनी हे रचलं त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, पण काहीतरी दिसलं असेलच ना? आमच्या घरात कीर्तनाची परंपरा आहे. वडील हा दृष्टांत नेहमी देत, आणि त्यामुळे मला शाळेत डार्विन कधी परका वाटला नाही. श्रद्धेमुळे विज्ञानाकडे जाणारं मूल तुम्हाला नकोय का?

खडूस_बाई | मंगळवार, सकाळी ६:४०

सांजवात ताई, शेवटचा मुद्दा चांगला आहे, त्याच्याकडे नंतर येते. आधी कासवाबद्दल.

कासव उभयचर नाही. पाण्यात आणि जमिनीवर दिसलं म्हणून कुणी उभयचर होत नाही, नाहीतर म्हशीलाही त्यात घ्यावं लागेल. बेडूक उभयचर. कासव सरपटणाऱ्यांत. तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, दर वर्षी पाचसहा उत्तरपत्रिकांत 'उदा. कासव' असायचंच. आता कळतंय कुठून येत होतं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही जो क्रम सांगता तो जिन्याचा आहे. खालच्या पायरीवर मासा, वरच्या पायरीवर आपण. उत्क्रांतीत असा जिना नाही, झाड आहे, तेही वडासारखं वाटेल तिकडे फुटलेलं. मासा माणूस व्हायच्या वाटेवर थांबलेला नाही. बाजारातला बांगडा आपल्याइतकाच 'आजचा' आहे, त्याच्या घराण्यानंही आपल्या घराण्याइतकीच वर्षं काढली आहेत. वराहाचा नरसिंह होत नाही. डुकराची फांदी वेगळी, सिंहाची वेगळी, आपली वेगळी.

दशावताराला डार्विनशी जोडलं की मुलांच्या डोक्यात हा जिनाच पक्का होतो. माझी तक्रार एवढीच. देवाबद्दल काही म्हणणं नाही, मी स्वतः चतुर्थी करते.

कोकणचो_काको | मंगळवार, सकाळी ९:१५

बाईंनी प्राणिशास्त्रातून सांगितलं, मी पुराणातून सांगतो. मी देव मानणारा माणूस, आणि लहानपणापासून जत्रेतली दशावतारी नाटकं रात्र रात्र जागून बघितलेली. काळ्या वेशातला संकासुर रंगात आला की आम्ही पोरं आयशीच्या पदराआड. तो वेद पळवतो, मग विष्णू मत्स्यरूप घेऊन त्याला मारतो.

आता जरा थांबून विचार करा. मासा पहिला अवतार ना? मग वेद कोणाचे होते? आणि त्याच मत्स्यानं प्रलयात होडी ओढली ती कोणाची? मनूची. तो तर माणूस, मां? म्हणजे कथेत मासा यायच्या आधीपासून माणूस हजर. कूर्माच्या पाठीवर मंदार ठेवून समुद्र घुसळला तो देव-दानवांनी, तेही आधीच होते. ही कथा जीव कसे निर्माण झाले याची नाहीच मुळी. संकट आलं, देव धावून आला, ही तिची गोष्ट.

आणि क्रमाचं म्हणाल तर भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस अवतारांची यादी आहे. सनकादिक कुमार पहिले, वराह दुसरा, नारद तिसरा. मत्स्य दहावा, कूर्म अकरावा, त्याच्या पुढे धन्वंतरी आणि मोहिनी, मग नरसिंह. ही यादी घेऊन कोणी उत्क्रांती जुळवून दाखवावी, मी पायलीभर तांदूळ देईन.

आपल्याकडच्या जुन्या चित्रांत नववा अवतार म्हणून कितीतरी ठिकाणी विठ्ठल असतो. विठोबा उत्क्रांतीच्या कुठच्या पायरीवर बसवायचा? तो अठ्ठावीस युगं एका जागी उभा आहे.

सांजवात | मंगळवार, सकाळी ९:४८

काका, विठोबाचं वाचून हसले. मनूचा मुद्दा माझ्या खरंच कधी लक्षात आला नव्हता. वडील असते तर विचारलं असतं.

खडूस_बाई | मंगळवार, सकाळी १०:२०

काकांना दंडवत. अवांतर: ही जुळवाजुळव प्राचीन नाही. डार्विनचं पुस्तक नोव्हेंबर १८५९ चं. त्यानंतर थिऑसॉफी या अध्यात्मवादी चळवळीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ मध्ये आणि ब्राह्मो समाजाच्या केशवचंद्र सेनांनी १८८२ मध्ये अवतार आणि उत्क्रांती यांची सांगड घातली. जे. बी. एस. हॉल्डेनसारखा मोठा जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला, त्यालाही या तुलनेचं कौतुक होतं. थोडक्यात, उत्तर आधी हातात आलं आणि मग आपण जुन्या वहीत ते शोधलं. १८५९ च्या आधी दशावतार वाचून कुणी 'सगळे जीव एकाच मुळातून आले' असं म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

घाटावरचा | मंगळवार, दुपारी १:०५

सगळे एकाच बाजूनं बोलताहेत म्हणून लिहितो. डार्विनची ती 'थिअरी' आहे, थिअरी म्हणजे अंदाज. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय? जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच म्हणाले, तर तीन-तीन विज्ञान अकादम्या तुटून पडल्या. एवढी खात्री आहे तर प्रश्न विचारल्यावर राग का येतो? हाही एक धर्मच झाला की.

आणि ८४ लक्ष योनी? २०११ मध्ये शास्त्रज्ञांनीच हिशेब करून पृथ्वीवर ८७ लाख जीवजाती आहेत असं सांगितलं. आपल्याकडे ८४ लाख. हाही योगायोग?

खडूस_बाई | मंगळवार, दुपारी १:३०

तो ८७ लाखांचा अंदाज १३ लाख इकडे किंवा तिकडे असा आहे, आणि त्यात जिवाणू धरलेले नाहीत. दुसऱ्या पद्धतींनी केलेले अंदाज याच्या कितीतरी पट जातात. प्रत्यक्ष नाव दिलेल्या जाती वीस लाखांच्या आसपास. उद्या आकडा एक कोटीवर गेला तर योनी वाढवणार का?

दासबोधात चार खाणी येतात: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज. जीवांचं वर्गीकरण करायचा तो त्या काळचा प्रयत्न, आणि मला तो सुंदर वाटतो. पण स्वेदज म्हणजे घामातून जन्मणारे. उवा घामातून होतात हे आज कुणी खरं मानत नाही, आणि म्हणून समर्थ लहान होत नाहीत.

रानवेडा | मंगळवार, रात्री ११:२०

घाटावरचा, 'कुणी पाहिलाय?' हा प्रश्न रास्त आहे. राग कुणाला आला ते सोडा, उत्तर देतो.

पहिलं, माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. चिंपांझी आणि आपण यांचा सामाईक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. देवळाबाहेरचं लाल तोंडाचं माकड तर त्याहून लांबचं, अडीच कोटी वर्षं मागे जावं लागतं. नातं चुलत घराण्याचं आहे. आपल्या चुलतभावाला कुणी आजोबा म्हणतं का?

दुसरं, पाहिलं नाही तरी माग काढता येतो. मुंबईत वरळीच्या टेकडीत बेसाल्टच्या थरांमध्ये गाळाचा पातळ पट्टा आहे, त्यात नखाएवढ्या बेडकांचे सांगाडे सापडले. दख्खनचा लाव्हा टप्प्याटप्प्यानं वाहत होता, दोन लोंढ्यांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यातले ते बेडूक. सहा कोटींहून जास्त वर्षं झाली. रिचर्ड ओवेननं १८४७ मध्ये त्यांना शास्त्रीय नाव दिलं. गंमत अशी की हाच ओवेन पुढे डार्विनचा कट्टर विरोधक झाला. पुरावा गोळा करणारे सगळे डार्विनच्या कंपूतले होते असं समजू नका.

आणखी एक. देवमासा सस्तन आहे, म्हणजे त्याचे पूर्वज जमिनीवर हवेत. ते कोण, हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा जम्मूकडच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटच्या दगडांचा. ए. रंगा राव या भूवैज्ञानिकानं ते जमवून ठेवले होते. त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीनं ते संशोधकांच्या हवाली केले. साफ करताना एका कवटीचं कानाचं हाड चुकून तुटलं, आणि आत जाड कड दिसली, जी देवमाशांच्याच कानात असते. प्राणी मात्र कुत्र्या-मांजराएवढा, बारीक पायांचा, हरणाच्या गोतातला. इंडोह्यूस त्याचं नाव, वय चार कोटी ऐंशी लाख वर्षं, प्रसिद्ध झालं २००७ मध्ये. आता सांगा, असा प्राणी दशावतारात बसवायचा कुठे? पाण्यातून जमिनीवर आलेले, पुन्हा पाण्यात गेले. जिना असता तर हे उलटं उतरणं झालं असतं.

तिसरं, पाहायचंच असेल तर माणूस कशाला हवा. धागाकर्ते यवतमाळचे आहेत. सर, तुमच्या शाळेच्या कुंपणापलीकडे बघा.

बटाटेवडा_जंबो | मंगळवार, रात्री ११:२६

कुंपणापलीकडे काय आहे? सस्पेन्स ठेवून झोपू नका हो.

वसईकर | बुधवार, सकाळी ८:३०

आमच्याकडचं सांगतो. मी वसईचा कॅथलिक. लहानपणी बायबलमधले सहा दिवस आणि शाळेतली कोट्यवधी वर्षं दोन्ही एकाच दप्तरात होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी फादरांना विचारलं तर ते म्हणाले, "उत्पत्तीचं पुस्तक देवानं का केलं ते सांगतं, कसं केलं ते नाही." तेव्हा वाटलं फादर सटकले. मोठेपणी कळलं की चर्चची भूमिकाच साधारण तशी आहे. १९५० मध्ये बारावे पायस यांनी या विषयावर अभ्यासाला हरकत नाही म्हटलं, १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांती आता गृहीतकाच्या पलीकडे गेली आहे. आत्मा मात्र थेट देवाकडून, हे चर्चनं सोडलेलं नाही.

आणि सर, तुमच्या त्याच धड्यातला मेंडेल मठातला संन्यासी होता, वाटाणे त्यानं मठाच्याच बागेत लावले. हे मुलांना सांगता का? मी शिक्षक असतो तर आधी तेच सांगितलं असतं.

पण ख्रिस्ती म्हणजे सगळे असे नाहीत. माझा एक मेहुणा दुसऱ्या पंथात गेलाय, तो पृथ्वी सहा हजार वर्षांची मानतो. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढायचा नाही असा बायकोचा नियम आहे.

पल्याडची_पमी | बुधवार, संध्याकाळी ७:१०

पेनसिल्व्हेनियातून. वसईकरांच्या मेहुण्यासारखी माणसं शाळेच्या मंडळावर निवडून आली की काय होतं ते इथे झालंय. डोव्हर नावाचं छोटं गाव. २००४ मध्ये तिथल्या मंडळानं ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या तासाआधी मुलांना एक निवेदन वाचून दाखवायचं: डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, 'बुद्धिमान रचना', म्हणजे जीव कुणा बुद्धिमान कर्त्यानं घडवले, हाही पर्याय आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला, म्हणून प्रशासनातल्या लोकांनी येऊन वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले.

खटल्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्या निवेदनात मुलांना सुचवलेल्या पर्यायी पुस्तकाचे जुने मसुदे. आधी त्यात सरळ 'सृष्टीनिर्मितीवादी' लिहिलेलं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सृष्टीनिर्मितीवाद सरकारी शाळांत शिकवायला मनाई केली, तेव्हा तो शब्द पुसून 'रचनेचे समर्थक' घातला. एका ठिकाणी पुसताना घाई झाली आणि दोन्ही शब्दांची खिचडी तशीच राहिली. कॉपी करताना वरच्याचं नावही उतरवणारा विद्यार्थी असतो ना, अगदी तसं. डिसेंबर २००५ मध्ये निकाल पालकांच्या बाजूनं. न्यायाधीश तर राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले आणि स्वतः चर्चला जाणारे. शाळेला वकिलांचे दहा लाख डॉलर भरावे लागले.

लिहायचं कारण: तिथेही सुरुवात 'मुलांना दोन्ही बाजू कळू देत ना' याच गोड वाक्यानं झाली होती.

खडूस_बाई | बुधवार, संध्याकाळी ७:४५

पमी, कॉपीवरून आठवलं. घाटावरचा, तुमच्यासाठी. परीक्षेत कॉपी कशी पकडतो आम्ही? बरोबर उत्तरं सारखी असली तर काही सिद्ध होत नाही. चूक सारखी असली की दोघांना उभं करतो. क जीवनसत्त्व कुत्रा स्वतःच्या शरीरात तयार करतो, म्हणून त्याला आवळा लागत नाही. आपल्याला लागतो, कारण ते बनवायच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात मोडकं आहे. मोडकं, पण जागेवर आहे. आणि तेच जनुक चिंपांझीत, गोरिलात, माकडांतही मोडलेलं आहे, कितीतरी मोडी त्याच त्याच जागी. गिनीपिगमध्येही ते बिघडलंय, पण वेगळ्या रीतीनं, म्हणजे त्यानं आपल्या शेजारी बसून पेपर लिहिला नाही. सांगा, दोघांना उभं करू की नको?

घाटावरचा | बुधवार, रात्री ९:०२

हे उदाहरण मी ऐकलं नव्हतं. विचार करतो. पण शंका विचारणाऱ्याला अडाणी ठरवायची सवय तुम्हा विज्ञानवाद्यांना आहे, ते मागे घेत नाही.

निळी_शाई | बुधवार, रात्री १०:४०

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. नववा अवतार बुद्ध. मी नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली एक स्पष्ट सांगते की बुद्ध विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. यवतमाळच्या वर्गात सर, तुमच्यासमोर अशा घरातली मुलंही असणार. दशावतार म्हणजे विज्ञान असं फळ्यावर गेलं, तर त्या मुलांनी काय करायचं? मार्कांसाठी प्रतिज्ञा मोडायची?

आणि अवतारांचे अर्थच लावायचे तर जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त लावलेत: मत्स्य, कच्छ, वराह, वामन म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या स्वाऱ्या, आणि बळी आपला राजा. एकाच कथेत कुणाला जीवशास्त्र दिसतं, कुणाला इतिहास. कथेत जे हवं ते दिसतं. कपाशीच्या बोंडात तसं नाही ना दिसत?

रानवेडा | बुधवार, रात्री ११:०५

निळी_शाई, माझ्या तोंडचा घास काढलात. कुंपणापलीकडे बोंडअळीच होती. सर, बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी, आपल्याकडे २००२ पासून. सुरुवातीला बोंडअळी नावाला दिसत नव्हती. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते मी तुम्हाला सांगायला नको. पंधरा वर्षांत. हे सगळ्यांनी पाहिलंय.

संपादक मंडळ | गुरुवार, सकाळी १०:००

रात्री उशिरा आलेले सात प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे उडवले आहेत. जात, पक्ष आणि एकमेकांच्या आजोबांवर घसरू नये.

बटाटेवडा_जंबो | गुरुवार, सकाळी १०:०३

एकमेकांच्या आजोबांवर घसरायचं नाही? धागाच तर आजोबांवर आहे.

पाटीपेन्सिल | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

उशिराबद्दल माफी. सगळं दोनदा वाचलं. निळी_शाई, तुमचा प्रश्न वाचून मान खाली गेली. माझ्या वर्गात अशी मुलं निम्म्याहून जास्त आहेत आणि मला ते सुचलंच नव्हतं.

रविवारी आबांकडे गेलो. ओसरीवर बसलो, चहा आला. आबाच म्हणाले, "मास्तर, पोरगी सांगत होती, तुमी म्हणले घरी बोल. मंग बोला आता."

मी दशावतार काढलाच नाही. विचारलं, "आबा, बीटीवर आधी अळी नव्हती, मग आली कशी?"

"अळीले सवय झाली न जी. खाऊन खाऊन पचाले लागलं तिले."

"कोणत्या अळीला? खाल्लं ती तर मेली. मेलेल्या अळीला सवय कशी होईल?"

आबा गप्प. नात चहाची कपबशी घेऊन दारातच थांबली. बऱ्याच वेळानं म्हणाले, "मंग... ज्या मेल्या नाही, त्याइचीच पिल्लं."

"त्या का नाही मेल्या?"

"त्या अगुदरच तशा असतीन. हजारात एखादी. बाकीच्या आपण मारल्या, म्हणून तिचंच रान झालं." मग स्वतःशीच, "म्हणजे निवड आपणच केली म्हना."

मंडळी, दहावीला हे नीट पोचवायला मला तीन तास लागतात. 'सवय झाली' ते डार्विनच्या आधीचा शास्त्रज्ञ लामार्क, 'वाचल्या त्यांचीच पिल्लं' ते डार्विन. आबांनी पन्नास वर्षांचं अंतर एका चहात ओलांडलं.

मग ते उठले आणि माळ्यावरून एक डबा काढून आणला. त्यात बियाण्याच्या जुन्या पिशव्यांसोबत येणारी ती छोटी पाकिटं, बिगर-बीटी, १२० ग्रॅमची. गावाकडे त्यांना रेफ्युजी म्हणतात. ४५० ग्रॅम बीटीबरोबर हे फुकट यायचं, शेताच्या कडेनं पेरायला. कुणीच पेरलं नाही. अळीसाठी मुद्दाम कपाशी कोण लावणार? आबांनी फेकलंही नव्हतं. बियाणं फेकत नाहीत म्हणून. सात पाकिटं, एकही न फोडलेलं.

"हे कायले देत होते ते आज समजलं," म्हणाले. "तवा कोणी असं सांगतलंच नाही. आन एक सांगा मास्तर, एवढ्याशा गोष्टीसाठी पुस्तकात माकड कायले घातलं? पयले अळी घालाची न."

निघताना मीच न राहवून विचारलं, "आणि आबा, दशावतार?" ते म्हणाले, "ते हरिपाठानंतर. आता दिवेलागण झाली."

आज वर्गात ती सातही पाकिटं टेबलावर मांडली. माकडहाडापेक्षा जास्त शांतता होती. प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी असं पाकीट आलेलं. तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. "सर, आबांनी हे पेरलं असतं तर फरक नक्की कसा पडला असता? तिथल्या अळ्या तर जगल्याच असत्या."

या वेळी पळालो नाही. उद्या सांगतो म्हणालो. खडूस बाई, मेंडेलच्या चौकटीत बसवून दाखवता येईल का?

खडूस_बाई | पुढचा सोमवार, रात्री ९:५५

येतं. त्याच धड्यातल्या आनुवंशिकतेच्या भागाला जोडून घे, दोन पक्षी एका दगडात.

प्रतिकाराचं जनुक बहुतांशी अप्रभावी आहे असं धर. त्याला 'प' म्हण, साध्या जनुकाला 'स'. बीटीवर जगणारी अळी फक्त 'पप'. कडेला रेफ्युजी नसेल तर शेतात उरलेले सगळे पतंग 'पप', त्यांचं मीलन आपसातच, सगळी पिल्लं 'पप', सगळी जगणार. खेळ खलास.

कडेला रेफ्युजी असेल तर तिथून 'सस' पतंग झुंडीनं निघतात. एखादा 'पप' असलाच तर त्याला जोडीदार मिळतो तो बहुधा 'सस'. पिल्लं सगळी 'पस'. ती बीटीचं बोंड खातात आणि मरतात. म्हणजे रेफ्युजीतल्या अळ्या जगवायच्या त्या याचसाठी, शेतातल्या वाचलेल्यांना जोडीदार म्हणून.

दोन चौकटी शेजारी शेजारी काढ. एक पाकीट फोडून सरकी मुलांच्या हातात दे, जुनी आहे, उगवणार नाही बहुतेक. तरी आबांना विचारून फोड.